शेवटचं युनिट कुणाचं?

इलेक्ट्रिक गाडी घेतली त्या पहिल्या महिन्याच्या 30 तारखेला माझ्या फोनवर दोनदा टिंग वाजलं. दोघांकडून पाचशे-पाचशे रुपये आले होते. खाली लिहिलेलं, "चार्जिंगचे".

आता हे दोघं कोण ते सांगते. मी नागपुरात झिंगाबाई टाकळीला राहते आणि शहराबाहेर बुटीबोरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघते, म्हणजे कुठल्या मालाला किती खर्च आला त्याचा हिशेब, बावीस वर्षं झाली. मानकापूर चौकात क्वालिटीमधली माझी मैत्रीण गाडीत बसते आणि सदरला प्रॉडक्शनचे दादा. (दादांसाठी उड्डाणपूल सोडून खालून जावं लागतं. तो वेळ कुठल्याच हिशेबात धरलेला नाही, हे त्यांनी वाचावं म्हणून इथे लिहून ठेवते.) जाऊन-येऊन 72 किलोमीटर, महिन्याचे 24 दिवस, म्हणजे 1,728 किलोमीटर. जुनी पेट्रोल गाडी होती तेव्हा आम्ही पाळीपाळीने टाकी भरायचो. ती सोळाचं अ‍ॅव्हरेज द्यायची, पेट्रोल 104 च्या आसपास, म्हणजे महिन्याला 108 लिटर आणि सव्वाअकरा हजार. माणशी पावणेचार हजार. चार वर्षांत एकदाही वाद झाला नाही, कारण पंपावरची पावती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असायची.

विजेच्या गाडीला पावतीच नाही. ती रात्री पोर्चमध्ये उभी राहून गुपचूप चरत असते आणि तिचा चारा घरच्या लाइटबिलात मिसळून जातो. त्यात पंखे, फ्रीज, गीझर, आईंच्या खोलीतला टीव्ही, सगळंच आलं. म्हणून दोघांनी आपल्या मनाने "एक रुपया किलोमीटर तर असेल" असं धरलं, सतराशेचे तीन भाग केले आणि पाचशे पाठवले. माझ्यावर विश्वास टाकून, चांगल्या मनाने. पण बावीस वर्षं कॉस्टिंग केलेल्या बाईला कुणी अंदाजाने पैसे दिले की तिला रात्री झोप येत नाही.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, त्यांना मात्र शांत झोप लागते. त्यांनी गाडी आली त्याच दिवशी, पेढा तोंडात असतानाच, हिशेब सांगून टाकला होता. "वहिनी, चोवीस युनिटची बॅटरी. सहा रुपये युनिट. झाले एकशे चव्वेचाळीस. दोनशे चाळीस किलोमीटर चालते. साठ पैसे पडून राहिली गाडी! काहून डोकं लावून राहिल्या?"

या साठ पैशांनी मला दोन महिने छळलं. भागाकार बरोबर होता. त्यात घातलेले आकडे बरोबर नव्हते.

सुरुवात सोप्या चुकीपासून करते. गाडीच्या पडद्यावर दिसतं ते बॅटरीत किती गेलं ते. महावितरण मोजतं ते भिंतीतून किती निघालं ते. या दोन्हींत अंतर आहे हे मला आधी माहीत नव्हतं. म्हणून पोर्चमधल्या चार्जिंगच्या पॉइंटवर वेगळं छोटं मीटर बसवून घेतलं, इलेक्ट्रिशियनच्या मजुरीसकट नऊशे रुपये. पहिल्याच रविवारी बघितलं: पडदा म्हणतो 17.6 युनिट भरली, मीटर म्हणतं 20.1 युनिट गेली. अडीच युनिट हवेत विरली. हवेतच म्हणायला हवं, कारण ती उष्णता होऊन जातात. घरात येते ती एसी वीज (सारखी दिशा बदलणारी), बॅटरीला लागते डीसी (एकाच दिशेची), आणि ते रूपांतर गाडीतला चार्जर करतो. तो तापतो, वायर तापते, थोडी वीज गाडीची स्वतःची यंत्रणा जागी ठेवायला लागते. साधारण आठवा भाग. दुधात पाणी असतं तसं हे धरूनच चालायचं. आमच्याकडे कारखान्यात याला प्रोसेस लॉस म्हणतात, आणि तो कस्टमरच्याच माथी मारतात.

वायर तापण्यावरून आठवलं. पहिले सहा आठवडे आम्ही साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज करत होतो, ज्यावर पूर्वी कपड्यांचं मशीन चालायचं. एप्रिलमध्ये एका रात्री पोर्चमध्ये जळकट वास आला. प्लगची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचं प्लास्टिक मेणबत्तीसारखं खाली ओघळलं होतं. मशीन अर्धा तास चालतं, तेही थांबत-थांबत. गाडी मात्र तेरा-चौदा अँपिअर सलग तीन-चार तास ओढते. सॉकेटचे स्क्रू जरा सैल असले की तिथेच सगळी उष्णता जमते. मग मीटरपासून थेट जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (वीज जास्त ओढली की आपोआप पडणारा खटका), चांगलं अर्थिंग आणि इंडस्ट्रियल सॉकेट असं करून घेतलं. साडेसहा हजार लागले. हे साडेसहा हजार कुणाच्याच "साठ पैशां"त नसतात.

मीटर लावलं त्या दिवसापासून आई, म्हणजे सासूबाई, रोज सकाळी त्याचा आकडा लिहितात. त्यांनी स्वतःच सांगितलं. "दुधाचा हिशेब लिहीतच असतो मी. त्याच्याखाली तुझ्या गाडीचंबी लिहून ठेवतो." आमच्या घराण्यातल्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच "लिहितो, करतो" म्हणतात. तर आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात वर "1½" म्हणजे दूध, आणि खाली "9.2" म्हणजे गाडी. एका गुरुवारी दूधवाल्याचे साडेनऊ लिटर झाले होते, तो गोंधळ सोडला तर इतकी चोख नोंद मी आमच्या स्टोअरमध्येही पाहिलेली नाही.

त्या नोंदीतून निघालं ते असं. हिवाळ्यात भिंतीतून घेतलेल्या एका युनिटला गाडी 8 किलोमीटर चालते. मे महिन्यात 7.6. फरक दिसायला छोटा आहे, पण त्याचं कारण मजेशीर आहे. मला आधी वाटायचं, सिग्नलला थांबण्याने गाडी जास्त वीज खात असेल, जशी पेट्रोलची खायची. वर्धा रोडवर दुमजली पूल आहे, खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो, 3.14 किलोमीटरचा, गिनीज बुकात गेलेला. त्याच्यावरून गेलं तर एकही सिग्नल नाही. म्हणून मी एक आठवडा वरून गेले आणि एक आठवडा खालून. फेब्रुवारीत दोन्हींत जवळजवळ फरकच पडला नाही. ब्रेक दाबला की विजेच्या गाडीची मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि बरीचशी वीज परत बॅटरीत टाकते. हाच प्रयोग मेमध्ये केला तर खालचा रस्ता महाग पडला. गाडीतला थंडाव्याचा एसी किलोमीटरवर वीज खात नाही, तासावर खातो. बुटीबोरीला गाडी दिवसभर उघड्यावर, 45 अंशात उभी. स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. एसी पहिली दहा मिनिटं जीव काढून चालतो आणि मग तासाला साधारण एक युनिट घेत राहतो. घरी पोचायला जेवढी मिनिटं जास्त, तेवढी वीज जास्त. गाडी हलो वा न हलो.

पण हा सगळा चिल्लर हिशेब झाला. साठ पैशांतली खरी चूक "सहा रुपये युनिट" यात आहे, आणि ती भाऊजी एकटेच करत नाहीत.

लाइटबिल आल्यावर आपण शेवटचा आकडा बघतो, "बापरे" म्हणतो आणि भरून टाकतो. त्यात स्लॅब असतात, म्हणजे वापर वाढला की पुढच्या युनिटांना चढा दर. पहिल्या शंभर युनिटांना ढोबळ सहा रुपये. 101 ते 300 ला साडेबारा. 301 ते 500 ला सतरा. पाचशेच्या पुढे एकोणीस. हे माझ्या तेव्हाच्या बिलावरचे आकडे आहेत, वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून, आणि थोडे गोल केलेले. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा द्यावाच लागतो तो, वेगळा. आमच्या गच्चीवरून कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. वीज घराच्या मागच्या अंगालाच तयार होते, पण स्लॅबला ते काय ठाऊक!

आता आमचं घर हिवाळ्यात 160 युनिट वापरतं. म्हणजे सहा रुपयांची स्वस्त युनिटं घरानेच खाऊन संपवलेली असतात. गाडी येते ती 161 व्या युनिटापासून. महिन्याचे एकंदर 1,900 किलोमीटर धरले, ऑफिसचे आणि बाजारहाटाचे मिळून, तर गाडीला 237 युनिट लागतात. त्यातली 140 साडेबाराच्या स्लॅबमध्ये जातात, 97 सतराच्या. झाले 3,399 रुपये. वीज शुल्क धरून 3,943. किलोमीटरला दोन रुपये आठ पैसे.

उन्हाळ्यात घर दोन कूलर आणि एका एसीवर जातं आणि 380 युनिटांवर पोचतं. गाडी आता 381 व्या युनिटापासून सुरू होते. तिची 250 युनिट: 120 सतराने, 130 एकोणीसने. शुल्क धरून 5,232. किलोमीटरला पावणेतीन रुपये. तीच गाडी, तोच रस्ता, तीच मी.

साठ पैसे आणि पावणेतीन रुपये. भाऊजींना हे कागदावर दाखवलं तर ते म्हणाले, "पण वहिनी, सरासरी काढा नं!" कॉस्टिंगमध्ये यावर आमचं ठरलेलं उत्तर आहे. रोजचं काम दिवसपाळीत होतंय. एक नवीन ऑर्डर आली आणि ती रात्री ओव्हरटाइम लावूनच काढावी लागणार आहे. मग तिचा भाव काढताना दिवसपाळीची मजुरी लावायची की ओव्हरटाइमची? ऑर्डर घेतली नसती तर ओव्हरटाइम लागलाच नसता. गाडी घेतली नसती तर ही वरची युनिटं लागलीच नसती. म्हणून गाडीचा दर सगळ्यात वरच्या युनिटांचा.

हा कागद मी सोमवारी गाडीत वाचून दाखवला. वीज दोन रुपये आठ पैसे. टायर: चार टायर अठरा हजारांचे, चाळीस हजार किलोमीटर चालतील असं धरलं, तर 45 पैसे. (गाडी जड असते आणि पायाखाली ताकद लगेच येते, त्यामुळे माझ्यासारखी शांत चालवणारीही टायर झिजवतेच.) सर्व्हिसिंग 20 पैसे, कारण इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, आणि ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत. एकूण दोन रुपये त्र्याहत्तर पैसे. 1,728 किलोमीटरचे 4,717. तिघांत भागले तर माणशी 1,570 हिवाळ्यात, आणि याच पद्धतीने उन्हाळ्यात 1,960.

मैत्रीण म्हणाली, "ठीक आहे, अर्ध्याहून कमीच झालं की." दादा खापरीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? उन्हाळ्यात आमचे चारशे रुपये वाढले ते कशाने? गाडी तर तेवढीच चालली."

म्हटलं, स्लॅब वर गेला म्हणून.

"स्लॅब कोणी वर नेला? तुमच्या घरच्या एसीने. झोपणार तुम्ही गारेगार, आणि पैसे आम्ही भरणार?"

मैत्रीण खिडकीबाहेर बघून हसत होती. मी ओव्हरटाइमचं उदाहरण दिलं. दादा प्रॉडक्शनचे, ओव्हरटाइम त्यांच्या रोजच्या जेवणातला. त्यांनी लगेच उलट फेकलं. "कूलर आधी आला आणि गाडी मागून आली, हे तुम्ही ठरवलं. महिन्याच्या एक तारखेपासून दोन्ही संगच चालून राहिले नं? मीटरला काय माहीत, हे युनिट कूलरचं आणि ते गाडीचं? मी म्हणतो, पहिले शंभर गाडीचे धरा. शेवटचं युनिट तुमच्या एसीचं."

मला खरंच उत्तर सुचलं नाही. बुटीबोरीचं वळण आलं ते बरं झालं.

दिवसभर डोक्यात तेच. कारण दादांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गाडी घ्यावी की नाही हे ठरवताना शेवटचं युनिट गाडीचंच धरायला हवं, यात शंका नाही. पण गाडी आली, घरातली झाली, घर आणि गाडी दोन्हींचा खर्च एकाच मीटरवर पडतो आहे, तर तो वाटायचा कसा हा वेगळा प्रश्न आहे. एका भट्टीत दोन माल भाजले की गॅसचं बिल कुणावर टाकायचं, यावरून आमच्या कारखान्यात दोन विभाग दर मार्चमध्ये भांडतात, आणि त्यांना शांत करायला मलाच बोलावतात. तिथे मी वजनावर वाटून देते. इथे वजन म्हणजे युनिट. मग सरासरीच काढली. हिवाळ्यात एकूण 397 युनिटांचे शुल्कासकट 5,509, म्हणजे युनिटला 13 रुपये 88 पैसे, किलोमीटरला एक रुपया त्र्याहत्तर. उन्हाळ्यात 630 युनिटांचे 10,405, युनिटला साडेसोळा, किलोमीटरला दोन रुपये सतरा पैसे. भाऊजींची सरासरी शेवटी मला घ्यावीच लागली. हे त्यांना सांगितलेलं नाही.

यातून सुटायचा एक सरळ रस्ता आहे: गाडीसाठी वेगळं मीटर. ईव्ही चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दरगट आहे आणि त्यात घरासारखे स्लॅब नाहीत. ज्यांचं घरचंच बिल उन्हाळ्यात पाचशे युनिटांच्या पुढे जातं, त्यांनी हा हिशेब नक्की करून बघावा. आम्ही अजून केलेलं नाही, कारण वेगळ्या मीटरचा स्थिर आकारही वेगळा, आणि आमचा हिवाळा बऱ्यापैकी स्वस्त जातो. शिवाय ते मीटर आलं की आईंच्या कॅलेंडरचं काय?

गावात चालवताना इतपत. गाडी गावाबाहेर काढली की गणित पार बदलतं. माझं माहेर अमरावतीचं. बाजारगाव, कोंढाळी, तळेगाव, तिवसा या रस्त्याने दीडशेच्या थोडं वर. ऐंशीच्या आत राहिलं तर बॅटरीतून अठरा-एक युनिट जातात आणि हाती थोडी शिल्लक ठेवून पोचता येतं. शंभरने गेलं तर तेवीस. बॅटरी आहे चोवीसची! वेग थोडा वाढला तरी हवेचा रोध वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेलं तळेगावच्या अलीकडे पडद्यावर दिसतं. दिवाळीत पाडव्याला उशीर झाला म्हणून यांनी गाडी दामटली आणि शेवटी रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला थांबावं लागलं. तिथे दर 21 रुपये युनिट, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 24 रुपये 78 पैसे. त्या वेगाला किलोमीटरला पावणेचार रुपये पडले. जवळजवळ सीएनजीएवढे.

सीएनजीचा विचार मीही केला होता, खोटं कशाला बोलू. पण 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलोवर गेला होता, तेव्हाच्या देशातल्या सगळ्यात महाग दरांत. गॅस इथे पाइपने नाही, द्रवरूपात टँकरने यायचा. नंतर उतरला, पण माझ्या मनातून तो उतरला तो उतरलाच.

फास्ट चार्जरवर पाऊण तास गेला. त्यात दोन चहा, एक प्लेट समोसे, लेकीचं आइस्क्रीम. 180 रुपये. ते कुठल्या खात्यात टाकायचे हे बावीस वर्षांच्या अनुभवानंतरही मला ठरवता आलेलं नाही.

समृद्धी महामार्ग आमच्या शिवमडक्यातूनच सुरू होतो, आणि राज्याच्या 2025 च्या ईव्ही धोरणात तिथे विद्युत गाड्यांना टोलमाफी आहे. पण 120 ची मर्यादा म्हणजे 120 ने जायलाच पाहिजे असं नाही, हे माझ्या गाडीच्या वतीने सांगते.

आता तो प्रश्न, जो लग्नात, बारशात, भाजीच्या ठेल्यावर सगळे विचारतात: "परवडते का?" मी विचारते, महिन्याला किती फिरता? कारण माझी गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा रस्त्यावर येईपर्यंत साडेतीन लाखांनी महाग पडली. तेही विद्युत गाडीला मोटार वाहन कर नाही हे धरून, नाहीतर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो 11 टक्के लागतो. थर्ड पार्टी विमा माझ्या गाडीला 2,904, पेट्रोलला 3,416. पण गाडीची किंमत जास्त, म्हणून तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा जास्त. तिथे वाचलेले पाचशे इकडून व्याजासकट गेले.

मी वर्षाला 22,800 किलोमीटर चालवते. पेट्रोलचे साडेसहा रुपये, विजेचे वर्षभराचे सरासरी सव्वादोन-अडीच, सर्व्हिसिंगमध्ये थोडी बचत. वर्षाला लाखभर वाचतात. साडेतीन वर्षांत वरचे पैसे वसूल. पण आमच्या शेजारचे काका महिन्याला सहाशे किलोमीटरही फिरत नाहीत. सकाळी फुटाळा, संध्याकाळी देऊळ, महिन्यातून एकदा रामटेक. त्यांना वर्षाला पस्तीस-छत्तीस हजार वाचतील आणि वसूल व्हायला नऊ-दहा वर्षं लागतील. त्यांना मी नको म्हटलं. तर रागावले, त्यांना हिरवी नंबरप्लेट आवडली होती.

बॅटरीचं काय, हेही विचारतात. माझ्या गाडीच्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर यातलं जे आधी होईल तोवर हमी आहे. माझ्या वापराने किलोमीटर सात वर्षांतच संपतील. म्हणून मी दर महिन्याला किलोमीटरमागे एक रुपया आवर्ती ठेवीत टाकते. हा रुपया दोघांकडून घेत नाही. गाडी माझी आहे, म्हातारपणी तिचं मलाच बघायचंय. मात्र मोठ्या बॅटरीची काळजी करताना मला अडवलं छोटीने. या गाडीतही साधी 12 व्होल्टची बॅटरी असते, दारं आणि दिवे आणि सगळे मेंदू तिच्यावर चालतात. जुलैमध्ये ती एका सकाळी गेली. मोठ्या बॅटरीत 80 टक्के चार्ज, आणि दार उघडेना. त्या दिवशी तिघंही वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. त्याचे पैसे ज्याचे त्याने भरले.

तर दोघांशी शेवटी तोडगा काय निघाला? दादांच्या प्रश्नामुळे काढलेली सरासरी आणि माझं शेवटचं युनिट यांच्या मधोमध, टायर-सर्व्हिसिंग धरून, वर्षभर सारखेच: महिन्याला 1,600. उन्हाळ्यात मला तोटा, हिवाळ्यात त्यांना किंचित. दादांनी गाडीतच हिशेब पुन्हा केला, बोटांवर, आणि मान्य केला. आता एक तारखेला टिंग वाजतं आणि खाली लिहिलेलं असतं, "एसीचे".

मागच्या महिन्यात आम्ही गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवायचं ठरवलं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं, आणि नागपूरच्या उन्हाचं दुसरं करायचं तरी काय. एका किलोवॅटला रोज सरासरी चार युनिट धरली तर महिन्याची 360. घर आणि गाडी मिळून हिवाळ्यात 397 लागतात, म्हणजे सहा रुपयांच्या स्लॅबमधलीच सदतीस-एक युनिटं विकत घ्यायची उरतील. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना अगदी कमी भाव मिळतो, म्हणून ती गाडीला पाजलेली बरी. पॅनेलचा खर्च पंचवीस वर्षांवर पसरला, तर भाऊजींचे साठ पैसे खरे ठरण्याची दाट शक्यता आहे. मी अजून पूर्ण मांडलेलं नाही. मुद्दामच.

पॅनेलवाल्याची माणसं परवा मोजमाप घ्यायला आली, तेव्हा मी गाडीत फोनवर त्यांच्याशी बोलत होते. फोन ठेवला. अजनीच्या सिग्नलला मागून दादांचा आवाज आला.

"मॅडम, ऊन तर फुकटच असतं नं?"

मैत्रीण परत खिडकीबाहेर बघायला लागली. मी नवीन शीट उघडली आहे.